काढलेली कांता परत लागणार नाही

कोळसेवाडी, कल्याण (पूर्व)
१७ नोव्हेंबर १९९८

ती. सखाराममामा यांना,

भाची चित्रा हिचा सप्रेम जयभीम. कितीही राग असला तरी समोरच्याच्या जयभीमला जयभीम द्यायचा असतो, असं तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत, तेव्हा मनातल्या मनात का होईना, तेवढा परत करा. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. (आई ठीक आहे असं मला बाबांकडून कळतं, कारण ती माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण पुढे येईल, आणि ते कारण तुम्हीच आहात.) तुमचा गुडघा कसा आहे? खडवलीची हवा मानवली का? तुम्ही रोज सकाळी नदीपर्यंत फिरायला जाता आणि नंदाताईने दिलेला बिनसाखरेचा चहा मुकाट्याने पिता, असं तुमच्या जावयाने, विश्रामभावोजींनी सांगितलं. ऐकून मी थक्क झाले. इथे चहात साखर जरा कमी पडली की तुम्ही अख्ख्या वर्गासमोर कप परत पाठवायचात. जावयाच्या घरचं पाणीसुद्धा घशाखाली उतरत नाही म्हणणारा माणूस दिवाळीपासून जावयाच्याच घरी मुक्काम ठोकून बसलाय, आणि तोही भाचीवर रुसून, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. बाळाला माझा पापा.

तुमची चिठ्ठी भावोजींच्या हाती मिळाली. ‘कांता होती तिथे परत लाव. मग बोलू.’ बस, एवढंच. आशीर्वाद नाही, खाली सही नाही. कारखान्यात शिपायालासुद्धा तुम्ही याहून लांब मेमो देत असायचात. तर माझं उत्तर मी वरच लिहून टाकते, म्हणजे तुम्हाला नेहमीच्या सवयीने आधी शेवटचं पान उलटून बघावं लागणार नाही. कांता परत लागणार नाही. आज नाही, उद्या नाही, आणि विहाराच्या कमिटीने वर्गाच्या खोलीला कुलूप घातलं तरी नाही.

आता नंदाताई, हे पत्र तूही वाचणार, आणि वरची ओळ वाचून तू भडकली असशील, म्हणून तुझ्यासाठी जरा फोडून सांगते. मी तुझ्या आईबद्दल असं कसं लिहीन? ही कांता म्हणजे मामांच्या प्रोग्राममधली एक ओळ आहे, तिला त्यांनी मामीचं नाव दिलं होतं. मामांनी नोकरी सोडल्यावर विहाराच्या मागच्या खोलीत संगणकाचा वर्ग काढला, ते तुला माहीत आहेच. यंत्रं ठाण्याच्या ऑफिसांतून मोडीत निघालेली. विंडोज विकत घेणं आपल्या आवाक्यात नव्हतं आणि चोरून घालणं मामांच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरचं लिनक्स घातलं. पण कोळसेवाडीतली पोरं काही लिनक्सच्या प्रेमापोटी येत नाहीत, ती खेळायला येतात. आधी शिकायचं, मग खेळायचं, हा वर्गाचा नियम. आणि खेळ सगळे जुने, डॉसवर चालणारे. लिनक्सवर ते उघडतसुद्धा नाहीत. म्हणून मामांनी ‘खेळिया’ लिहिला. हा प्रोग्राम खेळ आणि लिनक्स यांच्या मधे उभा राहतो. खेळ त्याच्याकडे जुन्या सवयीने मागत राहतो, मला कीबोर्ड दे, पडदा दे, मेमरी दे. खेळिया ते लिनक्सकडून आणून हातात ठेवतो, आणि खेळाला शेवटपर्यंत वाटत राहतं की आपण अजून माहेरीच आहोत. असलं काम या कल्याणात दुसऱ्या कुणी केलेलं मला तरी माहीत नाही. मामांना मी हे तोंडावर कधी सांगितलं नाही. आताही तुलाच सांगतेय.

पण मामा, तुमचा खेळिया आतून कसा होता ते आता ऐका. तुमच्या कारखान्यात मोडका स्क्रूसुद्धा तीन सह्यांशिवाय भंगारात जायचा नाही, वापरणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि स्टोअरवाल्याची. ती शिस्त तुम्ही घरी आणलीत (तुमच्या माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांबद्दल मी काही बोलत नाही) आणि घरातून प्रोग्राममध्ये. एक ओळ कधी खोडली नाहीत. चुकली की तिच्याभोवती खुणा करून तिला झोपवायचं (यंत्र अशी ओळ सोडून पुढे जातं), वर ‘काढू नये’ लिहायचं, आणि खाली नवी लिहायची. मी उघडून बघितलं तर जिवंत ओळी शोधायला झोपलेल्यांच्या अंगावरून पाय टाकत जावं लागत होतं. त्यात कारखान्याच्या पगाराच्या प्रोग्राममधले तुकडे तुम्ही जसेच्या तसे उचलून आणलेले. तो साप सफरचंद खाऊन लांब होतो ना, त्याचे गुण मोजायचं काम तुमच्या ओव्हरटाइमच्या हिशेबाकडे होतं. रविवारी खेळलं तर सापाला दुप्पट गुण मिळायचे. पोरांना हे कधीचंच कळलेलं, म्हणून रविवारी एवढी गर्दी व्हायची आणि आपल्याला वाटायचं की पोरांना शिक्षणाची गोडी लागली. सापाला ओव्हरटाइम देणारा प्रोग्राम जगात दुसरा नसेल, आणि तो ओव्हरटाइम काढला म्हणून मला पश्चात्ताप वगैरे काही होत नाहीये.

नावांचं तर काय सांगू. खेळ मेमरी मागायला आला की दारात अडवून कुठे नेतोस, कधी आणून देतोस असं विचारणारा आणि घेतलेलं कधीही न विसरणारा भाग, त्याचं नाव ‘आक्का’. म्हणजे माझी आई. इथपर्यंत ठीक, आई तशीच आहे. एक भाग असा होता की प्रत्येक गोष्ट त्याच्यातून जायची आणि आत गेली तशीच बाहेर यायची, हा मधे काहीही करायचा नाही. त्याचं नाव ‘भावोजी’. तुमचे भावोजी म्हणजे माझे बाबा. मी हे बाबांना दाखवलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि पेपर पुन्हा उघडला, त्यामुळे तुमचं बरोबर आहे हेही सिद्ध झालं. आणि कुठे काही बिघडलं की पडद्यावर लाल अक्षरांत आरडाओरडा करणाऱ्या भागाला तुम्ही माझं नाव दिलंत. ते मी ठेवलंय. भावोजी काढला. (बाबांची परवानगी घेतली होती. ते ‘बघ बाई’ म्हणाले.)

आता साफसफाई तुमच्या पाठीमागे केली, हा तुमचा पहिला आरोप. पाठीमागे कशी? तुम्ही नंदाताईच्या बाळाच्या नामकरणाला खडवलीला गेलेलात आणि तेवढ्यात पोपटच्या कंपनीने त्यांचं जुनं, पण आपल्या यंत्रांहून कितीतरी वेगवान पेंटियम आपल्याला देऊन टाकलं. (पोपट माझ्याबरोबर वर्गात शिकवतो हे तुम्हाला माहीत आहे, नंदाताईला सांगते.) त्यावर खेळिया चढवला तर खेळ सुसाट पळायला लागले. कारण सापडावं म्हणून मी आधी झोपलेल्या ओळी काढायला घेतल्या, आणि तुमच्या शिस्तीप्रमाणे तीन सह्यासुद्धा घेतल्या. एक माझी. दुसरी पोपटची, तो समोर ठेवाल त्यावर सही करतो. तिसरी तुमची हवी होती, तुम्ही नव्हता, म्हणून तिथे मी ‘स. ल. करिता’ असं लिहून माझीच केली. साहेब रजेवर असताना तुम्ही आयुष्यभर हेच केलंत.

दुसरा आरोप कांताचा. कांता म्हणजे काय होतं? एक रिकामं चक्र. एकपासून एका भल्यामोठ्या आकड्यापर्यंत नुसतं मोजत बसायचं, बाकी काही नाही, म्हणजे तेवढ्या वेळात खेळ जरा थांबतो आणि माणसाच्या हाताला सवड मिळते. तो आकडा तुम्ही कसा बसवलात ते मला माहीत आहे, मी तिथे होते. मामीच्या बोटांचे सांधे धरलेले. तिला तो विटा फोडायचा खेळ आवडायचा, पण फळी सरकवेपर्यंत चेंडू खाली पडलेला असायचा. तुम्ही तिच्या मागे उभे राहायचात आणि आकडा वाढवत जायचात, अजून थोडा, अजून थोडा, तिला चेंडू अडवता येईपर्यंत. मामी जिंकली की वळून तुमच्याकडे बघायची आणि तुम्ही छताकडे बघायचात. मामा, हे मी विसरलेले नाही. मामी गेली तेव्हा मी तुमच्याइतकी नसेन रडले, पण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त रडलेले.

पण त्या पेंटियमला मामी माहीत नाही ना. त्याने तो भलामोठा आकडा डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून टाकला. जुन्या यंत्रावर जी कांता सावकाश थांबायची ती नव्यावर थांबतच नव्हती. पोपट म्हणाला, आकडा वाढव. वाढवून बघितला. मग तोच खेळिया जुन्या यंत्रावर टाकला तर साप एका जागी बसून राहिला. म्हणजे प्रत्येक यंत्राला वेगळी कांता करून द्या, आणि उद्या कुणी आणखी यंत्र दिलं की आणखी एक. कुटुंब असं किती वाढवायचं? शिवाय रिकामं मोजताना यंत्र दुसरं काही करू शकत नाही, नुसतं तापतं. बरोबर रीत अशी की यंत्राच्या घड्याळाला विचारायचं, एवढा वेळ झाला की मला उठव, आणि तोवर गप्प पडायचं. घड्याळ सगळीकडे सारखंच चालतं. हे मी पुस्तकात वाचून केलं, आणि ते पुस्तक तुम्हीच मला वाढदिवसाला दिलेलं.

फक्त झालं असं की सकाळी मी कांता काढली आणि घड्याळ बसवायला दुपार झाली. तेवढ्यात पोरं आली आणि मला न विचारता पेंटियमवर बसली. साप सुरू व्हायच्या आतच मरत होता. मला वाटलं आता रडारड होणार. कसलं काय, त्यांना तो नवीनच खेळ वाटला. कुणाचा साप जास्त लवकर मरतो याच्या पैजा लागल्या, बाहेरची पोरं खिडकीला लटकली, आणि त्या गोंधळात तुम्ही पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे. घड्याळ बसल्यावर, म्हणजे दुपारचं जेवण करून आला असतात, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण तुम्ही पडद्याकडे बघितलंत, खुर्ची ओढलीत, प्रोग्राम उघडलात, खालपर्यंत गेलात, पुन्हा वर आलात, आणि सगळ्यांसमोर मला विचारलंत, कांता कुठाय? मी म्हटलं, काढली. तुम्ही पेढे टेबलावर ठेवलेत, चप्पल घातलीत आणि निघून गेलात.

त्यानंतर माझं इथे काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. पोरांनी घरोघरी जाऊन सांगितलं की चित्राताईने सरांच्या बाईला काढलं. संध्याकाळपर्यंत त्याचं असं झालं की मी भिंतीवरचा मामीचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी नळावर समजलं की फोटो काढून मी तिथे संगणक ठेवला. एक बाई तर घरी येऊन भिंतीवर फोटो आहे का ते बघून गेल्या, आणि तो आहे हे बघून जरा हिरमुसल्याच. आईला खरं काय ते मी समजावलं. घड्याळ, चक्र, पेंटियम, सगळं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुला दुसरी ओळ नव्हती का काढायला? त्यानंतर ती बोललेली नाही. मला राग आला मामा. अजूनही आहे. मी चूक केली असती तर तुमच्या पाया पडून मोकळी झाले असते, पण बरोबर काम करून शिव्या खायच्या हे मला जमत नाही, आणि हा स्वभाव मला बाबांकडून आलेला नाही.

आता कमिटीचं. दगडूकाका अध्यक्ष झाल्यापासून त्यांच्या डोक्यात आहे की आपली खोली लग्नकार्याच्या भांड्यांना चांगली. विहाराच्या खोलीत पोरं खेळ खेळतात, लोक काय म्हणतील, हे त्यांचं पालुपद. तुम्ही होता तोवर ते हळू आवाजात म्हणायचे, आता माइकवर म्हणतात. येत्या रविवारी सकाळी कमिटी खोलीत येऊन बघणार आणि तिथल्या तिथे ठरवणार, वर्ग ठेवायचा की भांडी. मी म्हटलं, या. मी घाबरत नाही. खेळ कशाला पाहिजेत हे मी त्यांना उभी राहून सांगणार आहे. माझ्या कॉलेजात संगणकाची खोली काचेची होती. आम्हाला बाहेरून दाखवली, चपला काढायला लावून आत नेलं, आणि हात मागे बांधून उभं केलं. मला पहिल्यांदा कीबोर्डला हात लावू दिलात तो तुम्ही, आणि तेव्हा तुम्ही मला धडा दिला नाहीत, साप दिलात. आपल्या पोरांनी यंत्राला घाबरायचं नाही, बिनधास्त हात लावायचा, मोडलं तर आपणच दुरुस्त करायचं, हे तुमचंच म्हणणं. मी फक्त दुरुस्त केलं.

तेव्हा रविवारचं मी बघून घेईन. घड्याळाचा खेळिया सगळ्या यंत्रांवर एकसारखा चालतो, पोरं खूश आहेत, ओव्हरटाइम बंद असूनही येतात. तुम्ही काळजी करू नका, खडवलीत आराम करा, नदीवर फिरा. कुणाची मदत मागायला मी हे पत्र लिहीत नाहीये. तुमच्या चिठ्ठीला उत्तर द्यायचं होतं, ते दिलं.

तुमच्या शिस्तीतच वाढलेली,
चित्रा

ता. क. विश्रामभावोजींच्या हाती आईने सुकट आणि तुमचा मफलर पाठवलाय. खडवलीला थंडी लवकर पडते असं ती भिंतीकडे बघून म्हणाली, म्हणजे बहुधा ते मला सांगत होती.

ता. क. २. वरचं पत्र पाकिटात घातलं होतं, ते पुन्हा बाहेर काढलं. आत्ताच दगडूकाका येऊन गेले. म्हणाले, पोरांचं कौतुक सांगू नकोस, पोरं कशावरही नाचतात. रविवारी आमच्या घरच्यांना, म्हणजे शेवंताकाकूंना, बसवून दाखव. त्यांना एक डाव नीट खेळता आला तर खोली वर्गाला, शिवाय दुपारी महिला मंडळालाही शिकव. नाही आला तर सोमवारी भांडी येतील. मी तोऱ्यात हो म्हणून बसले. मामा, शेवंताकाकूंची बोटं तुम्ही बघितली आहेत. मामीची होती तशीच आहेत. खेळियाचा वेग मी पोरांच्या हातावर बसवलाय, काकूंचा चेंडू पहिल्या फटक्यालाच खाली पडेल. घड्याळाला किती थांब म्हणून सांगायचं तेवढंच हवंय, पण ते किती, ते मला कुठे माहीत? कांताचा जुना आकडा माझ्याकडे आहे, पण तो ज्या यंत्रावर तुम्ही बसवला होता ते गेल्या महिन्यात जळलं, आणि दुसऱ्या यंत्रावर त्या आकड्याला काही अर्थ नाही. मामी खेळताना चेंडू किती सावकाश यायचा हे आता फक्त तुम्हाला माहीत आहे. मी अंदाजाने करून बघितलं. आईला बसवलं, तिचीही बोटं आखडतात. ती मुकाट्याने बसली, हरली, पुन्हा हरली, आणि वेग जास्त वाटतो की कमी असं विचारलं तर पदर सावरून उठून गेली. न बोलणाऱ्या माणसावर वेग कसा बसवायचा ते कुठल्याही पुस्तकात नाही.

ता. क. ३. शनिवारी सकाळच्या गाडीने या. आईला मी बसवते, तुम्ही तिच्या मागे उभे राहा. ती तुम्हाला सांगेल, तुम्ही मला सांगा, अजून थोडं किंवा बस, एवढंच. त्याला बोलणं म्हणत नाहीत, तेव्हा कुणाचाच रुसवा मोडल्यासारखा होणार नाही. ते रिकामं चक्र मी परत लावणार नाही, हे कायम आहे. आणि कीबोर्डला तुम्ही हात लावायचा नाही. तो मी लावेन.